देश एकमेकांना शस्त्रं विकतात तेव्हा सौदा दर्जा आणि किंमत बघून ठरतो की राजकारण बघून?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की माल चांगला आणि भाव रास्त असेल तर कुणीही कुणाकडूनही घ्यावं, सरकारांनी मध्ये का पडावं? मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं.

भोसरी एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी लेथ, एक व्हीएमसी (संगणकावर चालणारी कातकामाची यंत्रं), अकरा माणसं. रोजची भाकरी गाड्यांच्या पार्टवर निघते, संरक्षणाचं काम अधूनमधून येतं. दिल्लीत काय शिजतं ते मला विचारू नका, पण ते शिजलेलं भोसरीत कसं येऊन पडतं ते मी बघितलंय.

काही वर्षांपूर्वी एका मोठ्या कंपनीकडून चारशे नगांची ऑर्डर आली. मटेरियल त्यांचंच, हीट नंबरसकट (पोलाद कोणत्या घाण्यातलं ते सांगणारा नंबर). ड्रॉइंगवर फक्त पार्ट नंबर, तो कशात बसतो हे विचारायचं नसतं. प्रत्येक नगाला गेज, म्हणजे माप तपासायचं हत्यार, लावायचं: ‘गो’ची बाजू अलगद सरकली पाहिजे, ‘नो-गो’ची अडकलीच पाहिजे. त्यांचा इन्स्पेक्टर इतका खट होता की बोटाचा ठसा दिसला तरी नग बाजूला काढायचा. एकशे साठ नग झाले आणि फोन आला, “काम होल्डवर ठेवा.” कारण विचारलं तर “वरून आलंय” एवढंच. झालेले नग तेल लावून, गंजरोधक कागदात गुंडाळून मागच्या रॅकवर ठेवले. तिथे ते चौदा महिने पडून होते आणि माझे पैसेही. शेवटी त्यांच्या खरेदी खात्यातला एक जण चहा पिताना बोलून गेला, “अहो, बाहेरच्या गिऱ्हाइकाचं एंड यूजर सर्टिफिकेट अडकलंय.”

हा कागद म्हणजे तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर. घेणारं सरकार त्यात लिहून देतं की हा माल आम्हीच वापरू, तुम्हाला विचारल्याशिवाय तिसऱ्याला देणार नाही. म्हणजे पैसे मोजून, माल घरी आणूनही मालकी पुरती घेणाऱ्याची होत नाही. २०२२ मध्ये जर्मनीने युक्रेनला गेपार्ड नावाच्या विमानविरोधी तोफा दिल्या. त्यांचा दारूगोळा जर्मनीने पूर्वी स्वित्झर्लंडकडून घेतलेला. स्वित्झर्लंडने सांगितलं, आमचा माल युद्ध चाललेल्या देशाला द्यायचा नाही. जर्मनीच्या कोठारात, जर्मनीच्या पैशाने घेतलेल्या गोळ्या, आणि परवानगी स्वित्झर्लंडच्या राजधानीची, बर्नची! शेवटी जर्मनीने स्वतःकडेच त्या गोळ्यांची नवी लाइन टाकली.

उरलेलं अर्धं उत्तर सुट्या भागांत आहे. लढाऊ विमान तीस-चाळीस वर्षं चालतं, तेवढी वर्षं सुटे भाग, क्षेपणास्त्रं, दुरुस्ती, सॉफ्टवेअर सगळं विकणाऱ्याच्या दारात. आपल्या नौदलाची सी किंग हेलिकॉप्टरं ब्रिटिश बनावटीची, पण त्यांतले बरेच भाग अमेरिकन. १९९८ ला पोखरण झालं, अमेरिकेने निर्बंध घातले आणि सुट्या भागांवाचून ती हेलिकॉप्टरं जमिनीवर बसली. ज्याच्याकडून घेतलं तो गप्प, तिसऱ्यानेच नळ बंद केला.

पाकिस्तानची गत त्याहून वाईट झाली. त्यांनी २८ एफ-१६ विमानांसाठी सुमारे ६६ कोटी डॉलर भरले होते. १९९० मध्ये अणुकार्यक्रमावरून अमेरिकेची प्रेसलर दुरुस्ती (पाकिस्तानची लष्करी मदत रोखणारी कायद्यातली तरतूद) लागू झाली आणि ती विमानं ॲरिझोनाच्या वाळवंटात उभी राहिली. विमान नाही, पैसेही नाहीत. १९९८ च्या शेवटी तडजोड झाली तेव्हा काही रोख मिळाले आणि उरलेल्या रकमेपोटी गहू, सोयाबीन वगैरे. लढाऊ विमानाच्या बदल्यात गहू!

म्हणून घेणारा देश आधी हे बघतो की पुढची तीस वर्षं कुणाशी पटवून घ्यायचंय. दर्जा आणि भाव त्यानंतर. पण ते बघतच नाहीत असं मात्र नाही. आपल्या १२६ लढाऊ विमानांच्या स्पर्धेत सहा विमानांच्या रीतसर चाचण्या झाल्या, दोन उरली, २०१२ मध्ये राफेल सर्वांत कमी बोलीचं ठरलं. पुढे वाटाघाटी रखडल्या आणि २०१६ मध्ये ३६ विमानांचा करार थेट दोन सरकारांमध्ये झाला. चाचणीने यादी आखडली, सही राजधान्यांत झाली.

भावाचंही गंमतीशीर असतं. विक्रमादित्य ही विमानवाहू नौका रशियाने आपल्याला ‘फुकट’ दिली. फक्त दुरुस्तीचे ९७.४ कोटी डॉलर, २००४ चा करार. (फुकट म्हटलं की पुणेकर आधी बारीक अक्षरं वाचतो, ती तेव्हा कुणी वाचली कोण जाणे.) ती २०१३ च्या नोव्हेंबरात हाती आली तेव्हा आकडा २३० कोटी डॉलरच्या वर गेला होता. अर्धी खोललेली नौका सोडून उठणार कुठे?

दलालीबद्दल फार लिहीत नाही, बोफोर्स सगळ्यांना पाठ आहे. एवढंच सांगतो की हे आपल्यापुरतं नाही. सौदी अरेबियाशी झालेल्या अल-यमामा सौद्यातल्या लाचखोरीचा तपास ब्रिटनने डिसेंबर २००६ मध्ये राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन स्वतःच थांबवला.

आता आपणही विक्रेते आहोत. २०१३-१४ मध्ये संरक्षण निर्यात ६८६ कोटी रुपयांची होती, २०२४-२५ मध्ये २३,६२२ कोटी. त्यातला बराच धागा आमच्या गावातून जातो. पिनाका रॉकेट आणि नवी १५५ मिलिमीटरची तोफ पाषाणच्या एआरडीईत, म्हणजे डीआरडीओच्या शस्त्रं आखणाऱ्या प्रयोगशाळेत, आखली गेली, खडकीचा दारूगोळा कारखाना तर १८६९ चा. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंढव्याच्या भारत फोर्जने शेअर बाजाराला कळवलं की १५५ मिलिमीटरच्या तोफांची १५.५५ कोटी डॉलरची निर्यात ऑर्डर मिळाली आहे, ‘संघर्ष नसलेल्या प्रदेशा’साठी. देशाचं नाव नाही. वर्तमानपत्रांनी ते आर्मेनिया असं छापलं. आर्मेनिया २०२० मध्ये अझरबैजानकडून हरला होता, त्याचा जुना पुरवठादार रशिया पुढे युक्रेनमध्ये अडकला, आणि अझरबैजानच्या पाठीशी तुर्कस्तान आणि पाकिस्तान. आपण तिथे का गेलो, हे तोफेच्या पल्ल्यावरून नाही कळणार. २०२३ मध्ये अझरबैजानने आपल्या राजदूतांकडे नाराजीही कळवली. फिलिपिन्सला ब्रह्मोस दिलं तेव्हा समोर चीन होता, आणि ब्रह्मोस रशियाबरोबर मिळून केलेलं, म्हणजे मॉस्कोचा होकारही लागणारच.

माझी आई अधूनमधून विचारते, “तू करतोस ते कुणावर पडतं रे?” मी म्हणतो, आपला नुसता एक रिंग असतो गं. तिला ते पटत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही पुरतं पटत नाही.

ते एकशे साठ नग शेवटी उचलले. पण तोवर ड्रॉइंगचं रिव्हिजन बदललेलं. गुंडाळलेला कागद सोडवून प्रत्येक नगाची चॅम्फर, म्हणजे कडेची तिरकी छाट, पुन्हा मारावी लागली, आणि त्याचा जादा चार्ज बिलात लावला तर त्यांनी कापला.