वाचकांचे प्रश्न : पहिल्या नंबरची गाडी नेमकी कोणती?

प्रश्न : नवी गाडी घ्यायची आहे. वडील म्हणतात, मारुतीच घे, सगळ्यात जास्त तीच खपते. मुलगा म्हणतो, आता टाटा-महिंद्राचे दिवस आहेत. पेपरात कधी 'पंच' पहिली, तर कधी 'वॅगन आर'. कशावर विश्वास ठेवायचा?
— एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही बातम्या खऱ्या आहेत. जानेवारी ते डिसेंबर २०२४ धरलं तर टाटा पंच पहिली, दोन लाखांच्या थोडी वर. साधारण चाळीस वर्षांत पहिल्यांदाच मारुतीबाहेरची गाडी अव्वल आली. पण २०२४-२५ हे आर्थिक वर्ष धरलं की मारुतीची वॅगन आर पुढे जाते. तीन महिने सरकवले की नंबर बदलत होता, इतकं कमी अंतर तेव्हा होतं दोघींत. कंपनी म्हणून पाहिलं तर मारुती अजून बरीच पुढे, दहातल्या चार गाड्या तिच्या. मात्र २०१८-१९ मध्ये दहातल्या पाच होत्या. वडील आजचं सांगतात, मुलगा वारं कुठून वाहतंय ते सांगतो.

आता शोरूममध्ये बावीस वर्षं काढलेली बाई म्हणून एक सांगते. एक तारखेला कंपन्या जे आकडे जाहीर करतात, ते बहुतेक वेळा कारखान्यातून डीलरकडे रवाना झालेल्या गाड्यांचे असतात. गिऱ्हाइकाच्या दारात गेलेल्यांचे नव्हेत. स्टॉकयार्डाचं रजिस्टर माझ्याकडे होतं. मार्चअखेरीस रात्री अकरा-साडेअकरापर्यंत ट्रेलर रिकामे होत. जूनमध्ये पाऊस लागला, तरी त्यातल्या कितीतरी गाड्या तिथेच उभ्या. सीटवरचं प्लास्टिक तसंच, काचेवर धुळीचा थर, बॅटरी उतरलेली. गिऱ्हाईक यायच्या आत जम्पर लावून चालू करावी लागे. कंपनीच्या कागदावर त्या मार्चमध्येच विकल्या गेल्या होत्या, आणि त्यांचं व्याज आमचे मालक भरत होते.

म्हणून 'फाडा' या डीलरांच्या संघटनेचा आकडा बघत जा. तो 'वाहन' पोर्टलवरच्या नोंदणीवरून काढतात, म्हणजे गाडीला नंबर पडला तरच ती मोजली जाते. पितृपक्षात हा फरक लख्ख दिसतो. दसरा-दिवाळीसाठी यार्ड भरत असतं आणि डिलिव्हरी घ्यायला कुणी येत नाही. २०२५ मध्ये तर त्यात जीएसटीची भर पडली. १५ ऑगस्टला करकपातीची घोषणा झाली, लोक थांबले. नवे दर लागू झाले २२ सप्टेंबरला, नेमक्या घटस्थापनेला! अशा एका महिन्याच्या आकड्यावरून कुठली कंपनी चढली, कुठली पडली, हे ठरवू नका.

त्या दिवशी छोट्या गाड्यांवरचा कर २८ टक्के अधिक सेस होता, तो १८ टक्के झाला. त्याआधी २०२४-२५ मध्ये विकलेल्या गाड्यांपैकी सुमारे ६५ टक्के एसयूव्ही आणि तशाच उंच गाड्या होत्या. छोटी गाडी घेणारं घर मागे पडत चाललं होतं, याचं मला फार वाईट वाटायचं. स्कूटरवर पुढे मूल उभं करून येणारी माणसं शोरूममध्ये किंमत विचारून परत जाताना मी पाहिली आहेत.

खपावरून गाडी किती चांगली, ते कळत नाही. कंपनी इथे टिकेल का, पार्ट मिळतील का, पुढे विकताना भाव येईल का, एवढा अंदाज येतो. शेवरले २०१७ मध्ये विक्रीतून गेली, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. गाड्या वाईट नव्हत्या, खप पुरेसा नव्हता. मारुती, टाटा, महिंद्रा, ह्युंदाई या पहिल्या चारांतली कुठलीही कंपनी घेतलीत तर ही धास्ती तुम्हाला नको. त्यांच्यात निवड करताना सांगलीतलं सर्व्हिस सेंटर स्वतः जाऊन बघा आणि तिथे गाडी घेऊन आलेल्या दोघा-तिघांशी बोला.

आणि पैसे भरण्याआधी यार्डात जाऊन, तुम्हाला देणार आहेत त्याच गाडीच्या बॉडीवर कंपनीने लावलेल्या प्लेटवरचा (नंबरप्लेट नव्हे) उत्पादनाचा महिना आणि वर्ष वाचा. चार-पाच महिने जुनी निघाली तर सूट मागा, नाहीतर दुसरी गाडी मागा. संकोच करू नका.