असेंद्रिय पदार्थांची अणुरचना तपासायला कोणतं एकच स्पेक्ट्रोस्कोपी तंत्र शिकावं?

एमएससीच्या प्रोजेक्टसाठी एकच तंत्र निवडायचंय, आणि "रामन सगळ्यात सोपं वाटतं, सॅम्पल ठेवलं की पीक येतात" असं तुम्ही लिहिलंय. (रामन म्हणजे सॅम्पलवर लेसर टाकून विखुरलेल्या प्रकाशावरून पदार्थ ओळखणं, आणि पीक म्हणजे त्या आलेखातले उंचवटे.) उत्तर द्यायच्या फंदात पडणार नव्हते, पण हे वाक्य वाचून राहवलं नाही. महापेच्या एका टेस्टिंग लॅबमध्ये आमच्या सरांच्या तोंडून हेच दोन वर्षं ऐकलंय.

जुलै २०१२. रबाळ्याच्या एका रंगवाल्याने काळ्या आयर्न ऑक्साइडची पुडी पाठवली होती. काळं म्हणजे मॅग्नेटाइट. त्यात लाल, म्हणजे हेमॅटाइट, मिसळलंय का, एवढंच त्याला हवं होतं. रामनमध्ये मॅग्नेटाइटचं मुख्य पीक ६६८ च्या आसपास (सगळे आकडे cm⁻¹ मध्ये), रुंद आणि आळशी. हेमॅटाइट २२५, २९२, ४११ ला टोकदार उभं राहतं, शिवाय १३२० पाशी एक मोठं कुबड. मी स्पेक्ट्रम घेतला तर सगळं हेमॅटाइटच. सर मागून डोकावले. "भेसळ आहे. लिही." पाच वाजून गेलेले, पावसाने ठाणे-बेलापूर रोड तुंबलेला, जो तो घणसोली स्टेशन गाठायच्या घाईत.

सॅम्पल काढण्याआधी मी सहज मायक्रोस्कोपमधून पाहिलं. काळ्याशार भुकटीत बरोबर मधोमध एक तांबडा ठिपका. स्टेज जरा सरकवलं, नवी जागा, पुन्हा लेसर, पुन्हा ठिपका. म्हणजे भेसळ पुडीत नव्हती, ती मी करत होते! ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर, दहा मिलीवॉट म्हणजे ऐकायला काहीच नाही, पण तो एका मायक्रॉनच्या ठिपक्यावर गोळा झाला की हिशेब दर चौरस सेंटिमीटरला दहा लाख वॉटच्या पुढे जातो. काळा पदार्थ ते सगळं पितो, तापतो, हवेतला ऑक्सिजन घेतो आणि हेमॅटाइट होऊन बसतो.

सरांना दाखवलं. म्हणाले, "मशीन खोटं बोलत नाही." मी म्हटलं, सर, मशीन खरंच बोलतंय, तिथे आत्ता हेमॅटाइटच आहे, फक्त ते आपण बनवलंय. कपाटाच्या दारावरचं चुंबक काढून पुडीत बुडवलं, भुकटी झुपकन चिकटली. सर हसले. "भेसळ आहे" असाच रिपोर्ट गेला, रंगवाल्याने पुरवठादाराचा अख्खा लॉट परत केला. दुसऱ्या दिवशी मी फिल्टर लावून पॉवर अर्ध्या मिलीवॉटखाली आणली, सहा जागी स्पेक्ट्रम घेतले. सहाही वेळा एकटं ६६८. ते कागद सरांच्या ड्रॉवरमध्ये गेले ते गेलेच.

आता तुमचा प्रश्न. एकच तंत्र, असं काही नसतं. एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांच्या विवर्तनावरून स्फटिकाची रचना काढणं, आधी कराच. ती स्पेक्ट्रोस्कोपी नाही हे मलाही ठाऊक आहे, पण तिच्याशिवाय व्हायव्हात कुणी उभं करणार नाही. पुढचं तुमच्या पदार्थावर. काच किंवा जेल असेल तर अणूंची नियमित मांडणी नसते, म्हणून एक्सआरडीत नुसता फुगवटा दिसेल. तिथे एका ठरावीक अणूभोवती शेजारी किती आणि किती अंतरावर, हे एक्झाफ्स, म्हणजे क्ष-किरणांच्या शोषणाचं तंत्र, सांगतं, तेही पाचसहा अँगस्ट्रॉमपर्यंतच. त्यासाठी इंदूरच्या इंडस-२ वर (तीव्र क्ष-किरण देणारा सिंक्रोट्रॉन) बीमटाइम, म्हणजे मोजणीची वेळ, मागावा लागतो, तेव्हा अर्ज आजच करा. तिथेही ऑक्सिजन आणि नायट्रोजन असे आवर्तसारणीतले शेजारी वेगळे ओळखू येत नाहीत. ॲल्युमिनियम असेल तर सॉलिड स्टेट एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचा सिग्नल मोजणारं तंत्र) छान: चार ऑक्सिजनांमधल्या ॲल्युमिनियमचं पीक ६० पीपीएमच्या आसपास, सहांमधल्याचं शून्याजवळ. सॅम्पलमध्ये लोखंड भरपूर असेल तर मात्र एनएमआर विसरा, मॉसबाउअर बघा, ते लोखंडाच्या अणुकेंद्रांनी शोषलेले गॅमा किरण मोजतं. मॅग्नेटाइट आणि मॅगहेमाइट (तेही लोखंडाचंच ऑक्साइड) एक्सआरडीत जुळ्या भावांसारखे दिसतात, मॉसबाउअर त्यांना वेगळं काढतं.

चुंबकाबद्दल खरं सांगायचं तर सर हसले ते बरोबरच होतं. थोडं हेमॅटाइट मिसळलेलं असतं तरी भुकटी चिकटलीच असती, आणि मॅगहेमाइटही चिकटतं. तो पुरावा नव्हता, माझा राग होता. पुरावा ते सहा कागद होते.

रामनच घेणार असाल तर घ्या, वाईट नाही. पण गडद रंगाच्या सॅम्पलला सगळ्यात कमी पॉवरपासून सुरुवात करा, पॉवर वाढवल्यावर पीक सरकतात किंवा नवे येतात का ते पाहा, आणि लेसरची पॉवर रिपोर्टमध्ये लिहा. आमच्या फॉर्ममध्ये तो रकानाच नव्हता. मी घातला, सरांनी "क्लायंट गोंधळतो" म्हणून काढून टाकला. आणि त्या जागेचा आधी आणि नंतर, दोन्ही वेळा फोटो काढा. माझ्याकडे त्या तांबड्या ठिपक्याचा फोटो नाही. त्या संध्याकाळी काढला असता तर सहा कागदांच्या वर तोच ठेवला असता.