मूव्हिंग ॲव्हरेजचा स्लोप अंशांत मागू नका

प्रश्न असा आहे: ॲमीब्रोकर या चार्टच्या सॉफ्टवेअरमध्ये ५० दिवसांच्या मूव्हिंग ॲव्हरेजचा (भावांच्या सरकत्या सरासरीचा) स्लोप, म्हणजे चढण, अंशांत कसा काढायचा? कोन ३० अंशांच्या वर गेला की शेअर स्कॅनमध्ये, म्हणजे अटीत बसणाऱ्या शेअरांच्या यादीत, यायला हवा.

फॉर्म्युला देतो, पण अंश सोडा. या अंशांपायी आमच्या घरात जवळजवळ पाच महिने बोलणं बंद होतं.

जानेवारी २०२० ची गोष्ट. सांगलीत दाजींच्या माडीवर दर रविवारी सकाळी आम्ही आठ-दहा जण जमायचो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बाजारात माझ्याआधी दहा वर्षं उतरलेले, त्यामुळे शब्द त्यांचाच. त्यांनी भाचीच्या कंपासपेटीतलं कोनमापक आणलं, मॉनिटरच्या काचेवर टेकवलं आणि ॲव्हरेजच्या रेषेचा कोन मोजला. ३८ अंश. "चढण दमदार आहे, घ्यायचा," म्हणाले. तोच शेअर, तीच ५० दिवसांची रेषा माझ्या लॅपटॉपवर उघडली होती. कोनमापक मागून घेतलं आणि लावलं, तर २१ अंश. चार्टची खिडकी थोडी अरुंद केली तर रेषा उभी झाली, कोन ५० च्या पुढे गेला. मी म्हटलं, "दाजी, कोन शेअरचा नाही, स्क्रीनचा आहे." ते म्हणाले, "मग फॉर्म्युल्याने काढू, तिथे स्क्रीन कुठे आली?"

पुढच्या रविवारी फॉर्म्युला तयार होता. बहुतेक तुमच्याही हाती तोच असेल: आजची सरासरी वजा कालची सरासरी, त्याचा एटॅन (चढणीवरून कोन काढणारं फंक्शन), गुणिले १८०, भागिले ३.१४१६. गणित म्हणून बरोबरच आहे, एटॅनचं उत्तर रेडियनमध्ये येतं म्हणून तो गुणाकार लागतो. खोट दुसरीकडे आहे. उभ्या अक्षावर रुपये, आडव्या अक्षावर दिवस. रुपयाला दिवसाने भागून कोन काढला की एक दिवस म्हणजे एक रुपया असं तुम्ही न सांगता ठरवून टाकता. म्हणजे ४५ अंश याचा अर्थ सरासरी दिवसाला १ रुपया वाढतेय, आणि तुमचे ३० अंश म्हणजे दिवसाला ५८ पैसे. बाकी काही नाही.

मी तिथेच वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर मांडून दाखवलं. तीन शेअर घ्या, तिन्हींची सरासरी दिवसाला ०.१ टक्का वाढतेय. एमआरएफ ६०,००० धरला तर वाढ ६० रुपये, कोन ८९ अंश. १,००० रुपयांच्या शेअरला वाढ १ रुपया, कोन ४५. ४० रुपयांच्या शेअरला ४ पैसे, कोन सव्वादोन अंश. चढण तिन्हींची सारखी, आणि स्कॅनमध्ये तिसरा कधीच येणार नाही. हा स्कॅन तेजी शोधत नाही, महाग शेअर शोधतो.

दाजींनी कागद बाजूला सारला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तू खतावण्या लिही, चार्ट माझ्यावर सोड." मी साखर कारखान्यात अकाउंट्सला आहे, म्हणून. अक्का दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. मी गप्प बसलो, आणि ग्रुपबरोबर पैसेही घातले. १ लाख ४० हजार, चार शेअरांत. चारही महागडे.

मार्चमध्ये काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. २३ मार्च २०२० ला निफ्टी एका दिवसात १३ टक्के पडून ७,६१० ला बंद झाला. तोटा कोनाने नाही, कोरोनाने झाला, हे मला मान्य आहे. पण सगळी रक्कम चारच शेअरांत अडकली होती ती कोनामुळे, आणि ते मी आधी सांगितलं होतं.

आता फॉर्म्युला. सरासरी काढा, तिच्यावर ॲमीब्रोकरचं लिनरेगस्लोप हे फंक्शन लावा, कालावधी ५. हे फंक्शन पाचही बिंदूंतून रेषा बसवतं, त्यामुळे एखाद्या दिवसाच्या उडीने फसत नाही. उत्तर रुपये प्रतिदिवस येईल. त्याला सरासरीने भागा, १०० ने गुणा. झाला टक्क्यांतला स्लोप, कुठल्याही दोन शेअरांची तुलना करा. ०.१ आला तर तोच वेग ५० सत्रं (बाजाराचे दिवस) टिकल्यास सरासरी साधारण ५ टक्के वर जाईल, इतका सरळ अर्थ. शेअरच्या स्वभावाचाही हिशोब हवा असेल तर सरासरीऐवजी १४ दिवसांच्या एटीआरने, म्हणजे शेअर दिवसाला सरासरी किती रुपये हलतो त्या आकड्याने, भागा (तेव्हा १०० ने गुणू नका). मी एटीआरच वापरतो, कारण रोज चार टक्के हलणाऱ्या शेअरची ०.१ टक्का चढण आणि रोज एक टक्का हलणाऱ्याची ०.१ टक्का चढण मला सारखी वाटत नाही.

एक दिवसाचा स्लोप मात्र घेऊच नका. जूनमध्ये दाजींनीच अबोला मोडला. फोन करून म्हणाले, "निफ्टीचा स्लोप बघ, दिवसाला पन्नास अंक चढतोय, आता आत शिरायचं." साध्या सरासरीत रोज आजचा भाव आत येतो आणि ५० सत्रांपूर्वीचा बाहेर पडतो. म्हणून तिचा एका दिवसाचा स्लोप म्हणजे या दोन भावांतला फरक भागिले ५०, मधल्या ४९ दिवसांचा त्यात काडीचा संबंध नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बाहेर पडत होता २३ मार्चचा ७,६१०, आत येत होता १०,००० च्या आसपासचा भाव. फरक २,४००, भागिले ५० म्हणजे ४८. दाजींना दिसत होती ती चढण मार्चच्या खड्ड्याची होती. त्या आठवड्यात निफ्टी उलट थोडा खालीच बंद झाला. हे फोनवर समजावलं तेव्हा ते "बरं" म्हणाले, एवढंच.

एक्स्पोनेन्शियल सरासरीला बाहेर पडणाऱ्या दिवसाचा हा त्रास नाही, पण तिचा एका दिवसाचा स्लोप धन असणं म्हणजे आजचा भाव कालच्या सरासरीच्या वर असणं. ते चार्टवर नुसतं बघूनही कळतं.

राहिलेल्या दोन गोष्टी. रेफ (दुसऱ्या दिवसाचा आकडा आणून देणारं फंक्शन) वापरलात तर आकडा ऋण द्या, उणे ५. धन दिलात तर फॉर्म्युला पुढच्या दिवसांचे भाव बघतो आणि बॅकटेस्ट (जुन्या डेटावरची चाचणी) स्वप्नासारखी सुंदर येते. आणि डेटा बोनस-स्प्लिटसाठी (शेअरांची संख्या वाढते आणि त्या प्रमाणात भाव उतरतो त्यासाठी) समायोजित आहे ना, ते बघा. रिलायन्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये एकास एक बोनस दिला, भाव एका रात्रीत निम्मा झाला. कच्च्या डेटावर त्यानंतर ५० सत्रं सरासरी घसरतच राहते आणि तुमचा स्कॅन एका चांगल्या शेअरला तोवर दारात उभा करत नाही.

स्लोप किती आला की घ्यायचं, हे मी सांगणार नाही. तुमच्या शेअरांवर दहा वर्षांचा डेटा चालवून बघा. आणि कुणी तुम्हाला ३० अंश सांगितले असतील, तर त्यांच्या स्कॅनमध्ये आलेल्या नावांपुढे भाव लिहून काढा. दाजींच्या त्या दिवसाच्या स्कॅनचा प्रिंट माझ्या फाइलमध्ये आहे. १४ नावं, त्यातलं एकही ८०० रुपयांच्या खालचं नाही.