भारताचं राष्ट्रीय अग्निशमन दल नेमकं काय काम करतं?

असं एकच राष्ट्रीय दल आपल्याकडे नाही. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीनुसार अग्निशमन हे नगरपालिकांकडे सोपवता येणारं काम आहे. त्यामुळे महाराष्ट्रात १०१ फिरवला की गाडी येते ती बहुतेक वेळा महापालिकेची किंवा नगरपरिषदेची. दरड कोसळली, पूर आला की केंद्राचं एनडीआरएफ, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, मदतीला येतं. त्याची पाचवी बटालियन तळेगावजवळ सुदुंबरे इथे आहे. २०१४ मध्ये दरडीखाली गाडल्या गेलेल्या माळीण गावाच्या ढिगाऱ्यात, भर पावसात हेच जवान शोध घेत होते.

आग विझवणं हा अग्निशमन दलाच्या कामाचा फक्त एक भाग. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं, पडलेली झाडं, गॅसगळती, मांज्यात अडकलेली घार, सगळीकडे अग्निशमन दलाचेच जवान धावतात. माझ्या मते सर्वांत मोलाचं काम आग लागण्याआधीचं आहे. महाराष्ट्रात २००६ च्या कायद्यानुसार इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. तुमच्या सोसायटीने ते दिलंय का, हे सेक्रेटरींना जरूर विचारा. जिन्यात होज रील, म्हणजे चाकावर गुंडाळलेली पाण्याची नळी, असते, पण व्हॉल्व्ह उघडला तर पाणी येतं का, हेही पाहा.

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीतल्या स्फोटात अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्याच स्मरणार्थ १४ ते २० एप्रिलला पाळतात.