प्रोग्रॅम घरी चालतो, उद्यमबागेत का चालत नाही?

तुझा प्रोग्रॅम घरी चालतो, पण बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात चालत नाही. तिथल्या कॉम्प्युटरवर ‘व्हीसीरनटाइम१४०डी.डीएलएल सापडत नाही’ असं येतंय ना, त्यातलं ‘१४०’ नंतरचं ‘डी’ नीट बघ. (डीएलएल म्हणजे प्रोग्रॅमला चालताना लागणारी, तयार कोडची वेगळी फाइल.) तू डीबग बिल्ड, म्हणजे चुका शोधायला बनवलेली आवृत्ती, नेलास. तिला लागणाऱ्या ‘डी’वाल्या डीएलएल व्हिज्युअल स्टुडिओ या प्रोग्रॅम लिहायच्या साधनाबरोबर येतात, दुसऱ्यांना वाटायची परवानगीही नाही. रिलीज बिल्ड, म्हणजे दुसऱ्यांना द्यायची आवृत्ती, कर आणि तिथे मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ रिडिस्ट्रिब्युटेबल (तिला लागणाऱ्या डीएलएल बसवणारं पॅकेज) टाक. प्रोग्रॅम ३२ बिटचा असेल तर विंडोज ६४ बिटचं असलं तरी एक्स८६ (३२ बिट) वालंच लागतं. पुष्कळ जण इथेच अडकतात.

कुठल्यातरी साइटवरची सुटी डीएलएल आणून विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये मात्र टाकू नकोस, अगदी कळकळीनं सांगतो. त्यात व्हायरस असू शकतो, आणि त्या मशीनवर कारखानदाराचा सगळा हिशेब आहे.

निघायच्या आधी घरीच व्हिज्युअल स्टुडिओतली ‘डंपबिन /डिपेंडंट्स’ ही कमांड चालव, कोणत्या डीएलएल लागतात ते कळेल. क्यूटी (प्रोग्रॅमच्या खिडक्या, बटणं बनवायचं साधन) वापरलं असशील तर एवढ्यावर भागत नाही. ‘प्लॅटफॉर्म्स’ फोल्डरमधली क्यूविंडोज.डीएलएल प्रोग्रॅम सुरू झाल्यावर लोड होते, म्हणून त्या यादीत दिसतच नाही. क्यूटीबरोबरच येणारं ‘विंडिप्लॉयक्यूटी’ चालवलंस की तीही सोबत येते.

पुढे निपाणी, खानापूरकडे जाशील तेव्हा रिडिस्ट्रिब्युटेबलचे दोन्ही (३२ आणि ६४ बिटचे) इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर ठेव. तिथल्या नेटच्या भरवशावर जाऊ नकोस.