पीसीओडी, आर्तवक्षय आणि रजःप्रवर्तिनी वटी

आपल्या 22 वर्षांच्या मुलीची पाळी दोन-अडीच महिन्यांनी येते, वजन वाढले आहे, सोनोग्राफीत पीसीओडी (बीजकोशांत अनेक लहान गाठी दिसण्याचा विकार) आले आहे. एका वैद्यांनी आर्तवक्षय (आर्तव म्हणजे पाळीचा स्राव, तो घटणे) सांगितला, दुसऱ्यांनी पुष्पघ्नी, आणि आता रजःप्रवर्तिनी वटी (पाळी आणण्यासाठीची आयुर्वेदिक गोळी) व गूळ-तिळाचा काढा सुरू करावा का, असे आपण विचारले आहे.

पीसीओडीशी तंतोतंत जुळणारा एकच व्याधी ग्रंथांत नाही. काश्यपसंहिता या आयुर्वेदग्रंथाच्या रेवतीकल्प या अध्यायातील पुष्पघ्नी नावाच्या स्त्रीचे गाल स्थूल व केसाळ असतात आणि तिचा ऋतू निष्फळ जातो (पाळी येऊनही गर्भ राहत नाही), म्हणून ते नाव हल्ली सर्रास वापरले जाते. परंतु तिला पाळी वेळेवर येते असेही तिथेच म्हटले आहे, आणि आपल्या मुलीची तक्रार नेमकी याच्या उलट आहे. सुश्रुतोक्त आर्तवक्षय त्या मानाने जवळचा, कारण पाळी योग्य काळी न येणे किंवा अल्प येणे हे त्याचे लक्षण आहे.

रज, म्हणजे पाळीचा स्राव, हा रसधातूचा (अन्नापासून बनणाऱ्या पहिल्या धातूचा) उपधातू, म्हणजे त्यापासून बनणारा दुय्यम घटक. अन्नापासून रस नीट तयार झाला, तर त्यातून रज महिनाभर साठत जाते आणि अपानवायू (शरीरातले खाली सारणारा वायू) ते बाहेर टाकतो; त्यामुळे पाळी लांबली की आधी अग्नी, पचन आणि रस यांची चौकशी करावी लागते. दोषांनी मार्ग अडवल्यामुळे आर्तव नष्ट होते, असे सुश्रुताने शारीरस्थानात सांगितले आहे. वजन वाढलेल्या मुलींत हा अडथळा बहुधा कफ-मेदाचा असतो, असे माझे मत आहे. आधुनिक शास्त्रानुसार वाढलेल्या इन्सुलिनमुळे बीजकोशात अँड्रोजेन अधिक तयार होते आणि बीजपुटके (बीज वाढते त्या पिशव्या) अर्ध्यावरच थांबतात. सोनोग्राफीत दिसतात त्या याच थांबलेल्या पुटकांच्या गाठी. त्यांना ग्रंथी समजून सरसकट कांचनार गुग्गुळ (गाठींवर दिले जाणारे आयुर्वेदिक औषध) देणे मला पटत नाही.

रजःप्रवर्तिनीत कासीस (हिराकस), टंकण (टाकणखार), हिंग आणि कोरफड असते. ती उष्ण आहे, स्राव सुरू करण्यासाठी दिली जाते. पण स्राव झाला म्हणजे बीज सुटले असे नव्हे. गर्भधारणा नाही याची खात्री केल्याशिवाय ती कोणीही घेऊ नये, आणि आपल्या मनाने तर नाहीच.

काढ्याबद्दलही तसेच. नष्टार्तवात (पाळी बंद होण्यात) सुश्रुताने कुळीथ, तीळ, उडीद, दही हितकर म्हटले आहे, तर चरकाने प्रमेहाच्या (मधुमेहासारख्या विकारांच्या) कारणांत दही, नवे धान्य, गुळाचे पदार्थ आणि बसून-झोपून राहण्याचे सुख मोजले आहे. आपल्या मुलीला चरकाचा इशारा अधिक लागू पडतो. तेव्हा कुळथाचे कढण चालेल, गूळ नको. हाच सल्ला एखाद्या सडपातळ, कोरड्या प्रकृतीच्या मुलीला मी देणार नाही. असे पथ्य म्हणजे एक प्रकारचे लंघन (शरीर हलके करणारा उपाय), आणि तिला त्याने अपायच होईल.

थायरॉइड व प्रोलॅक्टिन (दूध येण्याशी संबंधित संप्रेरक) यांची तपासणी झाली नसेल तर ती आधी करून घ्यावी, कारण पाळी त्यामुळेही लांबते. आणि दोन पाळ्यांतील अंतर 90 दिवसांपुढे जाऊ लागले, तर गर्भाशयाचे अस्तर जाड होण्याचा धोका असल्यामुळे वैद्यांच्या औषधांबरोबरच स्त्रीरोगतज्ज्ञांनाही अवश्य दाखवावे.