रोजच्या आयुष्यातला हिरो कोणाला म्हणायचं?

तुम्ही विचारलंय की रोजच्या आयुष्यात माणूस हिरो कशामुळे ठरतो आणि त्यासाठी जीव धोक्यात घालावाच लागतो का. दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्यावर आमच्या घरात सत्तावीस वर्षं वाद चालू आहे.

मी सोळाचा होतो, दादा एकोणीसचा. एका बंद पडलेल्या दगडखाणीत पाणी साचलं होतं, तिथे आम्ही दहा-बारा पोरं गेलो होतो. खाणीच्या पाण्याला उतार नसतो. कडा सरळ कापलेला, पाय घसरला की थेट खोल. दादाच्या वर्गातला एक जण तसाच घसरला. ओरडला वगैरे नाही. सिनेमातला बुडणारा हात हलवून हाका मारतो. खऱ्याचं तोंड पाण्यावर येतं तेवढ्यात कसाबसा एक श्वास होतो, हाकेला हवा उरत नाही. हात आडवे पसरून तो पाणी खाली दाबत राहतो, आणि असा फार तर वीस सेकंद ते एक मिनिट टिकतो. आम्हाला आधी वाटलं, मस्करी करतोय.

दादाने शर्टसुद्धा न काढता उडी मारली. पट्टीचा पोहणारा तो. चार हातांत पोचला आणि त्या मुलाने त्याच्या मानेलाच मिठी मारली. त्यात त्या मुलाची काही चूक नाही. बुडणाऱ्याला समोर माणूस दिसत नाही, चढायला पायरी दिसते. आता दोन डोकी आळीपाळीने खालीवर व्हायला लागली.

काठावर आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे. डार्ली आणि लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांचा १९६८ सालचा एक प्रयोग पुढे कधीतरी माझ्या वाचनात आला. माइकवरून बोलता बोलता एकाला फिट आल्याचं नाटक. ऐकणाऱ्याला वाटलं की आपण एकटेच ऐकतोय, तर ८५ टक्के लोक मदतीला उठले. आणखी चार जण ऐकताहेत असं वाटलं, तर जेमतेम ३१ टक्के. वाचल्यावर मला त्या काठाचीच आठवण झाली. आम्ही वाईट पोरं नव्हतो, नुसती जास्त होतो.

मला पोहता येत नव्हतं. एका बाइकच्या कॅरिअरला वीस लिटरचा पांढरा प्लास्टिकचा कॅन दोरीने बांधलेला होता, डिझेल आणायचा. मी दोरी सोडवायला लागलो. गाठ ओली होती, दातांनी ओढली. कॅनच्या मुठीला दोरी बांधली. आणि मग लक्षात आलं की झाकण सैल आहे. तसाच फेकला असता तर पाणी भरून तळाला गेला असता. म्हणून मी तिथे उभा राहून झाकण फिरवत बसलो. आटे चुकत होते. एकदा तिरकं बसलं, काढलं, परत लावलं. मागून कोणीतरी शिवी घातली, "अरे ते मरतायत आणि हा झाकण लावतोय!"

पहिली फेक अलीकडे पडली. दुसरी मुद्दाम त्यांच्या डोक्यांच्या पलीकडे टाकली आणि दोरी हळूहळू ओढत त्यांच्या खांद्यापाशी आणली. कॅनच्या तळाला थोडं डिझेल उरलं होतं म्हणून तो लांब तरी गेला, अगदी रिकामा कॅन वाऱ्यावर भरकटतो. त्या मुलाने दादाची मान सोडली आणि कॅन धरला. दादाने दुसरी बाजू धरली. तोंड पाण्याबाहेर राहायला माणसाला पाचेक किलोचा आधार पुरतो, इथे वीस लिटरचा कॅन होता. मी पोटावर आडवा पडलो, दोघांनी माझे पाय धरले, आणि आम्ही त्यांना ओढलं.

संध्याकाळपर्यंत गोष्ट तयार झाली होती. दादाने उडी मारली, दादाने वाचवलं. माझ्या वाट्याला आलं ते दादाचं एवढंच वाक्य: "मी बुडत होतो आणि हा झाकण लावत होता!" तेव्हापासून घरात मी 'काठावरचा'. नोकरी बदलायला दोन महिने विचार केला, काठावरचा. लग्नाला लगेच हो म्हटलं नाही, काठावरचा. सगळे हसतात, मीही हसतो.

दादाची व्याख्या पक्की आहे: जीव धोक्यात घालतो तो हिरो. एकदा त्याने फोनवर शोधून पुरावाच आणला. १९०४ साली अमेरिकेत हार्विकच्या कोळसाखाणीत स्फोट झाला, आत अडकलेल्यांना काढायला गेलेले दोघे मेले, आणि ते ऐकून पोलादाच्या धंद्यात गडगंज झालेल्या अँड्र्यू कार्नेगीने पन्नास लाख डॉलरचा निधी काढला. त्या निधीचं पदक आजही स्वतःचा जीव धोक्यात घालणाऱ्यालाच मिळतं. बरोबर आहे. त्या दोघांपुढे माझी मान खालीच आहे. पण ते त्या पदकाचे नियम आहेत, बाकीच्यांनी सकाळी उठून काय करायचं ते त्यात नाही. मी त्याला पेत्रोव्ह सांगितला. २६ सप्टेंबर १९८३, सोव्हिएत लष्कराच्या इशारा केंद्रात हा अधिकारी रात्रपाळीला होता. यंत्र म्हणालं, अमेरिकेची क्षेपणास्त्रं निघालीत, आधी एक, मग आणखी चार. त्याने विचार केला, खरा हल्ला पाचच क्षेपणास्त्रांनी कोण सुरू करेल? आणि वर कळवलं की इशारा खोटा आहे. खोटाच होता, ढगांवरून परतलेल्या उन्हाला उपग्रह फसला होता. यावर दादा म्हणतो, "तो तर खुर्चीत बसला होता." आता बोला.

तर तुमचा पहिला प्रश्न. मला विचाराल तर त्या घटकेला मूर्ख दिसायची ज्याची तयारी असते, तो. उडी मारणारा मूर्ख दिसत नाही, वाईटात वाईट तो हुतात्मा होतो. झाकण लावणारा दिसतो. पूर्ण बैठक होकारार्थी माना डोलावत असताना "हा हिशेब चुकतोय" म्हणणारा दिसतो. मित्राच्या हातातून गाडीची किल्ली काढून घेऊन त्याच्या शिव्या खाणारा दिसतो. अशांची गोष्ट कोणी सांगत नाही, कारण त्यांनी नीट काम केलं की गोष्टच घडत नाही.

आणि एक सांगून ठेवतो, पाण्याजवळ जात असाल तर: हात नाहीतर काठी पोचते का बघा, नाही पोचली तर तरंगणारं काहीतरी फेका, उडी सगळ्यात शेवटी. वाचवायला गेलेलेच बुडाले अशा बातम्या काय कमी येतात? प्रशिक्षण घेतलेलं असेल आणि सोबत तरंगतं साधन असेल तर गोष्ट वेगळी.

आता जे दादासमोर कधी बोललो नाही, ते इथे लिहितो. त्याने उडी मारली नसती तर मी गाठ सोडवेपर्यंत तो मुलगा खाली गेला असता. तेवढा वेळ दादाच्या मानेने दिला. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण सत्तावीस वर्षं काठावरचा म्हणवून घेतल्यावर आपण होऊन ते कोण कबूल करणार? पोहायला मात्र मी एकतिसाव्या वर्षी शिकलो. कोणाला सांगितलं नाही.

मागच्या महिन्यात सगळे जमलो होतो. दादाने गोष्ट काढली, झाकणापाशी आला, सगळे हसले. पुतणी नऊ वर्षांची आहे, ती हसली नाही. म्हणाली, "बाबा, कसलं झाकण?"

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. दादाने पाण्याचा पेला उचलला, परत खाली ठेवला.

"ते काकाला विचार," म्हणाला.